सीटखालची तार: पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका उताराचं प्रकरण

माणसं आणि जागा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम तसाच ठेवला आहे. मी २२ वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत सुरक्षा विभागात काम केलं. गवत कापायचं मशीन उतारावरून घसरून अपघात झाला, त्यानंतर दोन दिवसांनी एका कृषी पर्यटन केंद्राच्या मालकांनी मला बोलावलं आणि पुढचं वर्षभर मी तिथं जात-येत राहिलो.

पार्श्वभूमी

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता कृषी पर्यटन केंद्रं आणि लग्नाची लॉन्स दिसतात. हे त्यातलंच एक. वरच्या सपाटीवर ८ खोल्या, खालच्या सपाटीवर समारंभाचं लॉन, आणि मधे उतार. आडवा ४० मीटर, उताराच्या अंगानं वरून खाली १२ मीटर. त्याच्या पायथ्याशी जांभ्या चिऱ्याची ४ फुटी भिंत आणि भिंतीखाली आतला रस्ता. वर उभं राहिलं की समोर जोतिबाचा डोंगर दिसतो.

हा उतार कुणी आखलेला नव्हता. सपाटी करताना जेसीबीनं वरची माती खणून खाली ढकलली, भर जशी पडली तसा तो तयार झाला. भर उघडी दिसू नये म्हणून त्यावर सिलेक्शन वन या लॉनच्या जातीच्या गवताचे तुकडे लावले. गवत छान धरलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती हिरवी पाठ लांबून दिसायची आणि मालकांच्या छापील पत्रकावर तिचाच फोटो होता. त्यामुळे ते गवत काढायची कल्पना पुढे त्यांना इतकी जड का गेली, हे मी समजू शकतो.

गवत कापायचं काम मामांकडे. वय ५२, शेजारच्या गावचे, तिथली झाडं त्यांनीच लावलेली. पहिली दोन वर्षं त्यांच्याकडे हातानं ढकलायचं पेट्रोलचं मशीन होतं. अशा मशीनच्या दांड्यावर एक पकड असते. ती धरून ठेवली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद पडतं. अमेरिकेत १९८२ पासून या मशीनना नियमच आहे की पकड सुटल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. इथं त्या पकडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. कारण उताराचा खालचा भाग इतका खडा की मशीन ढकलत नेता येत नव्हतं. वरून दोर बांधून एकजण ते खाली सोडायचा आणि परत ओढून घ्यायचा. दांड्यावर हातच नाही, तर पकड धरणार कोण?

दोर एकदा तुटला. मशीन भिंतीवरून खाली गेलं, कुणाला लागलं नाही, मशीन दुरुस्तीला गेलं. याची नोंद कुठंही झाली नाही. मालकांनी त्यातून अर्थ काढला तो असा, की मामांचं काम फार कष्टाचं आहे, त्यांना बसून चालवायचं मशीन घेऊन द्यावं. हेतू चांगला होता आणि ते मी मुद्दाम लिहितो आहे. जुन्या बाजारातून बसायचं मशीन आलं. चार चाकं, पुढून वळणारं, मागच्या चाकांवर जोर, मागं गवत साठवायची पिशवी. माहितीपुस्तक सोबत आलं नाही.

त्या सकाळी

नोव्हेंबर. तुळशीची लग्नं होऊन लग्नसराई सुरू झालेली. दुसऱ्या दिवशी कार्य होतं आणि मंडपवाले दहाला यायचे होते. मामांनी साडेसातला मशीन काढलं. गवतावर दव होतं, तांबड्या मातीची भर आतून अजून ओलसर होती.

वरचा भाग नीट झाला. मग ते उताराला आडवे जात खाली सरकले. तिसऱ्या फेरीत मागची चाकं बाजूला घसरायला लागली. मामांनी तोल सावरायला चाक खालच्या दिशेला वळवलं आणि ब्रेक दाबला. इथंच मशीन हातातून गेलं. या मशीनचा ब्रेक मागच्या चाकांवरच असतो. तोंड खाली गेल्यावर वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ओल्या गवतावर अशी चाकं जाम केली की मशीन फळीसारखं घसरत जातं. पुढची चाकं कितीही वळवा, उपयोग नसतो. मामांनी वरच्या अंगाला उडी टाकली. डाव्या पायाचा घोटा मोडला. मशीन भिंतीवरून आतल्या रस्त्यावर उलटं पडलं आणि पाती फिरतच राहिली.

सीटवर माणूस नाही तरी पाती फिरत होती. अर्ध्या मीटरचं पातं मिनिटाला ३००० वेळा फिरतं तेव्हा त्याचं टोक ताशी २८० किलोमीटरच्या आसपास जात असतं. त्या रस्त्यावर दोन मावश्या झाडू मारत होत्या. दहा मिनिटांपूर्वी त्या चहाला गेल्या होत्या.

प्रश्न नेमका काय होता

मी गेलो तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: दव होतं म्हणून घसरलं. मालकांनी "आता नऊच्या आत मशीन नाही" असं सांगूनही टाकलं होतं. दव होतंच. पण मी आधी सीट उलटी करून बघितली, कारण फौंड्रीत असताना प्रेसच्या स्विचला जोडलेल्या तारा काढण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. सीटखाली एक स्विच असतो. माणूस उठला की इंजिन आणि पाती बंद. त्याची दोन टोकं तांब्याच्या तारेनं जोडलेली होती.

मामा घरी पाय वर करून पडले होते. त्यांना भेटायला गेलो आणि तारेचं विचारलं. ते लपवायला गेले नाहीत.

"मशीन सारखं बंद पडायचं की ओ. वरच्या अंगाला जरा जास्त कललं की सीटवरनं उठल्यागत व्हतंय आणि मशीन बंद. दर दोन हातांवर बंद. मग वायरमनला सांगून तार जोडून घेतली."

मी विचारलं, "वर सपाटीवर पडायचं का बंद?"

"न्हाई. तिथं कधीच न्हाई."

या प्रकरणातली सगळ्यात मोलाची माहिती मला त्या दोन वाक्यांत मिळाली. उताराला आडवं जाताना मशीन खालच्या अंगाला कलतं, माणूस अंगभूत शहाणपणानं वरच्या अंगाला झुकतो, सीटवरचा भार सुटतो, स्विच उघडतो. स्विचमध्ये काही बिघाड नव्हता. हा उतार आपल्या आवाक्यातला नाही, हे मशीन दर दोन हातांवर सांगत होतं. आधीच्या मशीनची पकडही तेच सांगत होती, तिला ट्यूबची पट्टी बांधली. दोन मशीन, दोन इशारे, दोन्ही एकाच उतारावर बांधून टाकलेले. यात मामांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. दहापर्यंत काम आटपायचं आणि मशीन बंद पडतंय, या कात्रीत ते एकटे होते.

आणखी एक विचारलं. मशीन घेताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ते म्हणाले, "आम्हास्नी कोण इचारतंय? त्या खालच्या पट्ट्यात माणूस उभा राहीना, तिथं मशीन कसं राहील?"

मोजमाप

उतार किती आहे, हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं. यासाठी भारी उपकरण लागत नाही. गवंड्याकडची लेव्हल आणि १ मीटरची सरळ पट्टी पुरते. पट्टीचं एक टोक उतारावर टेकवायचं, लेव्हल लावून पट्टी आडवी समतल धरायची, आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत किती सेंटीमीटर अंतर पडतं ते मोजायचं. १८ सेंटीमीटर म्हणजे १० अंश, २७ म्हणजे १५ अंश, ३६ म्हणजे २० अंश.

आम्ही जागोजागी मोजलं. वरचे ४ मीटर: १७ सेंटीमीटर. मधले ५ मीटर: ३१. खालचे ३ मीटर: ४२, म्हणजे जवळजवळ २३ अंश. मग मशीनचा नंबर टाकून नेटवर माहितीपुस्तक शोधलं. त्यात १० अंशांच्या वर हे मशीन चालवू नये असं चौकटीत छापलेलं होतं. बसून चालवायच्या बऱ्याच मशीनची मर्यादा १० ते १५ अंशांतच असते.

इथं एक घोळ झाला, तो सांगायला हवा. मालकांना भर टाकणाऱ्या ठेकेदारानं "३० टक्के उतार" असं सांगितलेलं होतं आणि एका दुसऱ्या मशीनच्या पत्रकात "३० अंश" वाचून ते म्हणाले, मग हे चालेल की. टक्के आणि अंश निराळे. ३० टक्के म्हणजे सुमारे १७ अंश, आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के. ठेकेदार टक्क्यांत बोलतो, मशीनवाला अंशांत बोलतो. म्हणून आम्ही दोन्ही सोडून सगळं "पट्टीला किती सेंटीमीटर" यावर आणलं. ते मामांनाही कळतं आणि ठेकेदारालाही.

मोजल्यावर फक्कीनं दोन आडव्या रेषा मारल्या, फुटबॉलच्या मैदानाला मारतात तशा. रेषा दिसल्यावर चर्चेचा सूरच बदलला. तोवर सगळे "उतार" असा एकच शब्द वापरत होते. आता तीन वेगळ्या जागा दिसायला लागल्या.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांचा: तार काढायची, दव वाळू द्यायचं आणि तेच मशीन सावकाश चालवायचं. वरच्या पट्ट्यात हे चालणार होतं. मधल्यात आणि खालच्यात कोरड्या गवतावरही नाही.

दुसरा: खास उतारासाठीचं, रिमोटवर चालणारं मशीन. माणूस मशीनपासून लांब राहतो, हा त्याचा मोठा फायदा. पण ४८० चौरस मीटरपैकी दोन तृतीयांश भागासाठी तेवढा खर्च मालकांना पेलणारा नव्हता.

तिसरा: हातानं ढकलायचं मशीन पुन्हा वापरायचं, पण दोर न लावता. इथं एक नियम ध्यानात ठेवायला हवा, कारण तो दोन मशीनना उलटा लागतो. ढकलायचं मशीन उताराला आडवं न्यायचं. वर-खाली नेलं तर चढताना ते मागं अंगावर येतं आणि उतरताना पाय घसरला की माणूस त्याच्यावर जातो. बसायचं मशीन मात्र वर-खाली सरळ न्यायचं, कारण आडवं नेलं की बाजूला उलटायची भीती. मामा त्या दिवशी आडवे चालले होते. दोन वर्षं ढकलायच्या मशीननं जी सवय लागली तीच त्यांनी बसायच्या मशीनवर नेली, आणि फरक त्यांना कुणी सांगितला नव्हता.

चौथा: पाठीवरच्या पट्ट्याचं ग्रास कटर, लोखंडी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावून. पाचवा: मावश्यांनी विळ्यानं कापायचं. सहावा पर्याय मामांनी सुचवला, धनगराची मेंढरं. पावसाळा संपल्यावर ती या बाजूला उतरतातच. मला तो मनापासून आवडला होता, पण कार्याच्या तारखेला मेंढरं हजर होत नाहीत आणि वरच्या कुंड्यांतली झाडंही ती सोडणार नाहीत. तो मागं पडला.

सातवा मी मांडला: खालच्या ३ मीटरांत लॉनच नको. जिथं माणूस उभा राहत नाही तिथं दर पंधरा दिवसांनी कापावं लागेल असं काही लावूच नये. यावर मालक दोन दिवस बोलले नाहीत. फोटोतला हिरवा भाग नेमका तोच होता.

काय केलं

निर्णय पट्ट्यापट्ट्यानं झाला. वरच्या ४ मीटरांत बसायचं मशीन, स्विच दुरुस्त करून, वर-खाली सरळ, अर्धी पिशवी भरली की रिकामी करून. फक्कीच्या रेषेच्या जागी नंतर चिऱ्याची ओळ बसवली, म्हणजे रेषा पावसात पुसली जाणार नाही. वळायचं ते फक्त वरच्या सपाटीवर. चाकं घसरू लागलीच तर काय करायचं हेही नव्या चालकाकडून करून घेतलं: पाती बंद करायची, चाक वळवायचं नाही, सावकाश सरळ खाली उतरायचं. सीटखालच्या स्विचची तपासणी रोज सकाळी, मशीन सपाटीवर उभं करून, पाती बंद ठेवून.

मधल्या ५ मीटरांत नायलॉन दोरीचं ग्रास कटर. त्यासाठी गावातला एक तरुण तयार केला. तो फुटबॉल खेळणारा, पहिल्या दिवशी स्टडचे बूट घालून आला. पकड उत्तम होती आणि मी पाच मिनिटं विचारात पडलो. पण त्या बुटांचं वरचं कातडं पातळ, दोरीनं उडवलेला खडा सरळ बोटांवर बसणार. शेवटी खोल नक्षीच्या तळव्याचे सेफ्टी शूज घेतले. ओल्यात त्यांची पकड स्टडपेक्षा कमी आहे हे त्यानं महिनाभरानं स्वतः सांगितलं. म्हणून कोरड्याचा नियम त्याच्यासाठी आणखी कडक केला. घड्याळ बघायचं नाही, गवतावरून तळहात फिरवायचा. हात ओला झाला तर मशीन सुरू करायचं नाही, मग दहा वाजलेले असोत की अकरा.

तो उताराला आडवा चालतो. १५ मीटरच्या आत कुणी नाही, खालच्या रस्त्यावर दोन्ही टोकांना साखळी. चष्मा आणि तोंडावर जाळी. पेट्रोल भरायचं ते सपाटीवर, इंजिन थंड झाल्यावर. आणि एक सराव आम्ही दहा वेळा करून घेतला: पाय घसरला असं धरून छातीवरचा बक्कल एका झटक्यात सोडायचा आणि मशीन बाजूला टाकायचं. पहिल्या वेळी त्याला बक्कल सापडला नाही. उतारावर घसरताना तो सापडणं शक्यच नव्हतं.

खालच्या ३ मीटरांतलं लॉन काढलं. चिऱ्याच्या तीन पायऱ्या बांधल्या, त्यांत वाळा आणि गवती चहा लावला. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, भर धरून ठेवतात, आणि वर्षातून एक-दोनदा विळ्यानं कापलं की पुरतं. पायरीवर उभं राहून मावश्या ते काम करतात.

पुढे काय झालं

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या महिन्यात ग्रास कटरनं उडवलेला खडा वरच्या खोलीच्या काचेला लागला. खोलीत कुणी नव्हतं. आम्ही मागच्या-पुढच्या लोकांचा विचार केला होता, इमारतीचा केला नव्हता. आता खोल्यांकडे पाठ करून कापतात आणि मधल्या पट्ट्याच्या वरच्या दीड मीटरात कात्री चालवतात.

पावसाळ्यात पायऱ्यांचा एक कोपरा फुगला. छपराच्या पन्हाळीचं पाणी तिथंच उतरत होतं आणि चिऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवलेली नव्हती. ही चूक माझी. मी गवत आणि मशीन बघत राहिलो, पाण्याची वाट बघितली नाही. कोपरा उतरवून, मागं खडी भरून, भोकं ठेवून पुन्हा बांधला.

मामा तीन महिन्यांनी कामावर आले. औषधपाणी आणि त्या काळाचा पगार मालकांनी दिला. मशीनवर पुन्हा बसणार नाही असं त्यांनी सांगितलं आणि कुणी आग्रह केला नाही. आता रोपवाटिका त्यांच्याकडे आहे. घोटा थंडीत दुखतो, उतरताना ते बाजूनं पाऊल टाकतात.

वर्षभरात उतारावर कुणाला इजा झाली नाही. एक वर्ष हा फार छोटा काळ आहे, त्यावरून मी जास्त काही म्हणणार नाही. मला जास्त समाधान आहे ते वहीचं. खडा उडाला, पाय सरकला, दोरी तुटली, जे होईल ते कामावरची मुलं त्यात लिहितात. पहिला दोर तुटला तेव्हा ही वही असती तर बसायचं मशीन बहुतेक आलंच नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

मागं वळून बघताना मला चार वळणं दिसतात, आणि अपघाताची सकाळ त्यांत सगळ्यात शेवटची आहे.

भर पडली तेव्हा आणखी दोन दिवस जेसीबी ठेवून उतार लांबवला असता, किंवा तेव्हाच पायऱ्या पाडल्या असत्या, तर खर्च आताच्या मानानं फार कमी आला असता. गवत लावायच्या आधी विचारायला हवं होतं की हे कापणार कोण, कशानं, कुठं उभं राहून. दुसरं वळण दोर तुटल्याचं. मशीनची दुरुस्ती झाली, कारणाची झाली नाही. तिसरं खरेदीचं: पट्टी आणि लेव्हल घेऊन दहा मिनिटं आणि मामांशी चहाचा एक कप, एवढ्यानं ते मशीन दुकानातच राहिलं असतं.

चौथं तारेचं. वायरमननं तार जोडली तेव्हा तो मालकांना सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला ते किरकोळ काम वाटलं. मी मालकांना सुचवलं की सुरक्षेचा कुठलाही स्विच वारंवार बंद पडू लागला तर ते मशीन त्या जागेवरून काढायचं आणि सपाटीवर चालवून बघायचं. सपाटीवर नीट चाललं तर दोष जागेत आहे. मशीनवर आता मराठीत एक पत्रा लावला आहे: "पट्टीला १८ सेंटीमीटरच्या वर चालवू नये. सीटखाली तार जोडू नये." दुसरं वाक्य मामांच्या सांगण्यावरून टाकलं.

आणि मंडपवाले दहाला येणार, हे दडपण तसंच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी गवत कापायचं नाही, दोन दिवस आधी कापायचं, असं ठरवलं खरं. पण लागोपाठ तारखा लागल्या की ते मोडतं, गेल्या हंगामात दोनदा मोडलं. त्या दोन्ही वेळा मधला पट्टा न कापताच कार्य पार पडलं आणि कुणी पाहुण्यानं तक्रार केली नाही. त्यावरून मालकांच्या मनात आता मधल्या पट्ट्यातलं लॉनही काढायचं येतं आहे. भर दरवर्षी थोडी बसते आणि उतार बदलतो, म्हणून पावसाळा संपल्यावर पुन्हा पट्टी लावून मोजायचं आणि मग ठरवायचं, असं आम्ही बोललो आहोत.